बेचाळीस घरांची तार

“काका, तार म्हातारी झालीय. हिच्यात आता जास्त वेग मावायचा नाही,” साहेब म्हणाले.

“तारेला वय नका विचारू. मोजून बघा,” बाबा म्हणाले.

बाबांना दवाखान्यात न्यायला मी त्यांच्या ऑफिसात गेले होते, म्हणून हे कानावर पडलं. बाबा एकतीस वर्षं केबल कंपनीत लाइनमन होते. कंपनी इंटरनेटचा वेग वाढवणार होती, पण आमची गल्ली वगळून. बाबांचं म्हणणं एकच: तारेत जागा भरपूर आहे, गोंगाट, म्हणजे सिग्नल बिघडवणाऱ्या बाहेरच्या लहरी, शिरतो तो घरांतून. कुणी टीव्ही हलवतं आणि मागची तार काढून तशीच लोंबती ठेवतं. एका घराचं उघडं टोक साऱ्या गल्लीला नडतं. शेवटी साहेबांनी महिन्याची मुदत दिली. मग मोजायचं, असं ठरलं.

डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. बाबांनी बेचाळीस घरं पालथी घातली. सैल जोड आवळले, गंजलेले बदलले, उघड्या टोकांना टोपणं बसवली. मी चिडून अबोला धरला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की, बाबा त्यांच्या कपाटामागे दम खात बसले होते आणि वर त्यांनाच विचारत होते, दमलात का. त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं, तर म्हणाले, “मी थकलोय, कबूल. म्हणून तारही थकली असं कुणी सांगितलं?”

मुदत संपायला चार दिवस असताना बाबा गेले.

ठरल्या दिवशी मीच साहेबांना फोन केला. ते चाचरले, आता राहू दे म्हणाले. मी म्हटलं, मोजायचं ठरलंय. ते मीटर घेऊन आले. आधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या केबलच्या डब्याला लावलं, मग शेवटच्या घरात. आकडा बघितला, मीटर बंद करून पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही तेच. नव्या वेगाला पुरून उरेल एवढी जागा होती.

फॉर्मवर ‘योग्य’ असा शेरा मारून, दुरुस्ती करणाऱ्याच्या रकान्यात ते आपल्या विभागाचं नाव लिहायला लागले.

“बाबांचं लिहा.”

“हयात नसलेल्या कर्मचाऱ्याचं नाव चालत नाही, ताई.”

“त्यांनी आवळलेले जोड चालतात ना?”

साहेबांनी पेन माझ्यापुढे केलं. रकाना अरुंद होता. मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. आडनाव चौकटीबाहेर गेलं, ते तसंच राहू दिलं.