परत न गेलेला कोट

मित्रांनो, शिकागोत जल्पाच्या घराचं दार उघडलं की लगेच एक कपाट लागतं. त्यात अगदी कडेला लटकतो तो मी. वांगी रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, आत बदकाची पिसं भरलेला एक जुना कोट. मला थंडी वाजत नाही, उकडत नाही, आणि खरं सांगायचं तर सुखदुःखही फारसं कळत नाही. कोटाला ते कळून करायचंय काय?

मला कोणी शिवलं ते आठवत नाही. आठवतं ते दुकान. एका जानेवारीत जल्पा आणि तिचा नवरा निमेष तिथे आले. जल्पाची आई, रसीलाबेन, नडियादहून तीन आठवड्यांसाठी येणार होत्या. आता तीन आठवड्यांसाठी कोट कोण विकत घेतं? म्हणून इथल्या देशी लोकांनी एक रीत पाडली आहे. पाहुण्यांसाठी कोट आणायचा, किमतीची चिठ्ठी न कापता बाहीत खोचून द्यायची, आणि पाहुणे विमानात बसले की कोट दुकानात परत. नव्वद दिवसांची मुदत असते. त्याआधी मी दोनदा असा जाऊन आलो होतो. एकदा गुंटूरच्या एका निवृत्त हेडमास्तरांच्या अंगावर, आणि एकदा इंदूरच्या एका मावशींच्या. दोघांनी मला इतकं जपलं की दुकानदाराला संशयही आला नाही. मला त्याचं ना कौतुक वाटलं ना वाईट.

विमानतळावर जल्पाने मला आईच्या अंगावर चढवलं.

"बा, फक्त डाग पाडू नको हं. परत द्यायचाय."

चार वर्षांनी भेटलेल्या आईशी ती बोलली ते हे पहिलं वाक्य.

"नाही पाडत. मी काय कुकुलं बाळ आहे?" बा म्हणाल्या.

त्याआधीच्या जुलैत जल्पाचे बापुजी वारले होते. तेव्हा तिचे कागद सरकारी कचेरीत अडकलेले. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. म्हणून तिने बापुजींना शेवटचं पाहिलं ते फोनवर, ऑफिसच्या आवारात गाडीत बसून. मग डोळे पुसून वर कामाला गेली. डोळे पुसून म्हणालो, पण ते कोरडेच होते असं तीच एकदा निमेषला सांगत होती. तेव्हापासून ती जेवत होती, हसत होती, पण आतून माझ्यासारखी झाली होती. तिला आईला एकच गोष्ट विचारायची होती. बा आंघोळीला गेल्या की ती माझ्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहून हळूच म्हणून बघायची, "बा, बापुजींनी शेवटी माझं नाव काढलं का?" न्हाणीचं दार वाजलं की पटकन विचारायची, "बा, चहात आलं घालू?"

बासुद्धा बापुजींचा विषय काढत नव्हत्या. मग दोघींनी शहर बघण्याचा सपाटाच लावला. तळ्याकाठचा वारा खाल्ला. उंच इमारतीच्या काचेच्या सज्जात उभं राहून खाली बघितलं. देशी दुकानांच्या डेव्हन रस्त्यावर साड्या बघून बा म्हणाल्या, "आमच्याकडचाच माल, सात समुद्र फिरून आला." नडियादच्या नातेवाइकांनी दिलेली यादी पुरी करायला बदाम, गोळ्यांच्या बाटल्या, अत्तरं, चॉकलेटं आणि एक बॅग, अशी रोज खरेदी. रोज मी अंगावर, आणि रोज बांचे हात अंगापासून लांब.

एकदा पाणीपुरी खायला गेलो. बांनी साडीच्या दुकानातली मोठी पिशवी काढली, तळाला भोक पाडलं, डोक्यातून घातली आणि वाकून पुरी तोंडात टाकली. चाटवाले अन्वरभाई हैदराबादचे. ते म्हणाले, "काय खालाजान, पाणीपुरी खाताय की ऑपरेशन करताय?"

"भाई, कोट परत द्यायचाय."

"मग जपून! माझ्या सासूबाईंचा असाच होता. चिंचेचा एक थेंब पडला आणि कोट जन्माचा घरचा झाला. सासूबाई पण!"

सगळे हसले. जल्पाही हसली. पण बांनी दुसरी पुरी घेतली नाही. त्यांना भीती वाटली.

अठराव्या दिवशी, शनिवारी, निमेषने नाचाची तिकिटं आणली. डेव्हनवरच्या एका खाणावळीच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी हिंदी गाणी लावून नाच चालतो. दाराशी कोट ठेवून घेणारी मुलगी होती. बा तिला मला देईनात.

"अनोळखी पोरीकडे? आणि नवीन चिठ्ठी बघून कोणी उचलला तर?"

निमेष ओळखीच्या टोळक्यात नाचायला शिरला. मायलेकी भिंतीलगत खुर्च्यांवर बसल्या, मध्ये ढोकळा-चटणीची बशी. गाणं इतकं मोठं की भिंत हादरत होती. माझ्या आत बा घामाने निथळत होत्या.

"बा, काढ ना तो! किती उकडतंय!" जल्पा ओरडून म्हणाली.

"चालतं मला!" बासुद्धा ओरडल्या. "तुझ्या बापुजींबरोबर पस्तीस वर्षं काढलीत मी! भर उन्हाळ्यात पंखा तीनवर! वर नेला की वीज जळते म्हणायचे!"

बापुजींचं नाव आल्याबरोबर जल्पाचा ढोकळ्याचा हात थांबला. मग आरशासमोर इतके दिवस घोटलेला प्रश्न तिने जिवाच्या आकांताने ओरडून विचारला.

"काय?" बांना ऐकू गेलं नाही.

"माझं नाव काढलं का? शेवटी?"

बांनी तिच्याकडे बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. नाहीतरी कोण तपासायला जाणार होतं?

"नाही गं!" बा ओरडल्या. "माझंही नाही काढलं! पंख्याकडे बोट केलं आणि म्हणाले, पाचवर कर!"

जल्पा आधी हसली. ते हसू मध्येच फाटलं, आणि हिरव्या चटणीने माखलेल्या दोन्ही हातांनी तिने मला, म्हणजे आईला, घट्ट धरलं. तिचं नाक, डोळे, काजळ, सगळं माझ्यावर.

"बा... कोटाला... चटणी..."

"लागू दे," बा म्हणाल्या आणि तिचं डोकं आणखी दाबून धरलं. "केला गं पाचवर. लगेच केला." त्याही रडू लागल्या.

माझ्या पिसांपर्यंत काहीतरी ओलं पोचलं. ते काय होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

निमेष सरबताचे पेले घेऊन आला आणि मला बघून दचकला. "अरे, कोट!"

"निमेषकुमार, तो आता राहू दे," बा म्हणाल्या.

उरलेले तीन दिवस मायलेकी कुठेच गेल्या नाहीत. यादीतली बॅग आणायची राहून गेली. मी कपाटात होतो आणि स्वयंपाकघरातून एकसारखा बापुजींचा चिक्कूपणा, बापुजींचं घोरणं, बापुजींची स्कूटर असं काहीबाही ऐकू येत होतं.

बा पुन्हा आल्या नाहीत. त्यांचे गुडघे आता विमानात बसू देत नाहीत. मला आता इतर पाहुणे घालतात आणि चटणीचा डाग बघून नाक मुरडतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या आत्मवृत्ताच्या शेवटी सांगतात, की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला या मायलेकींनी अठरा दिवस जपलं. त्या अठरा दिवसांत एका आईला पोटभर पाणीपुरी खाता आली नाही आणि तिच्या लेकीला तिच्या कुशीत शिरता आलं नाही. मी कोट आहे. मला मळवा.