कोल्ह्याने नेलेले मोजे

उणे चौतीस होतं. अंगणात थुंकलं तर जमिनीवर पडायच्या आत टिचकन वाजायचं. हिल्मा तर सांगायची की एका वर्षी तिचं बोलणंच हवेत गोठलं आणि एप्रिलमध्ये वितळून ऐकू आलं, तेव्हा शेजारणीला आपल्याबद्दल काय काय बोललं गेलंय ते कळलं. तर ते असो. त्या शुक्रवारी सकाळी मात्र हिल्माला कसल्याच गोष्टी सुचत नव्हत्या. ती खिडकीतून चुलीकडे, चुलीकडून दाराकडे आणि दारातून परत खिडकीकडे अशा येरझाऱ्या घालत होती.

नातीला, साइमाला, मंगळवारी मुलगी झाली होती. रोव्हानिएमीच्या दवाखान्यातून तिला आज घरी आणायचं होतं. साइमाचा नवरा समुद्रावर, जहाजात. तिच्या गाडीची पुढची काच गेल्याच आठवड्यात एका रेनडिअरने शिंगं घालून फोडली होती. गावात टॅक्सी एकच, ती रोग्यांना घेऊन सकाळीच गेलेली. राहिली ती म्हाताऱ्याची, म्हणजे हिल्माच्या नवऱ्याची, तौनोची, जुनी डिझेल गाडी.

फोन वाजला.

"आजी, निघालात का गं?"

"निघतोच आहोत."

"नर्स म्हणतात साडेबारापर्यंत या. आणि गाडी आतून गरम हवी, म्हणाल्या. त्या स्वतः हात घालून बघतात. आज नाही जमलं तर थंडी उतरेपर्यंत थांबा म्हणतात. उद्यापासून उणे चाळीस आहे, आजी. आठवडाभर मी इथे एकटी..." साइमाचा आवाज चिरकला.

"अगं, रडू नकोस, दूध आटेल. आलोच."

फोन ठेवला आणि हिल्मा अंगणात धावली. धावली म्हणजे काय, लोकरीचे बूट घालून बदकासारखी चालली.

इंजिन गोठू नये म्हणून त्याला रात्रभर विजेची वायर लावलेली होती, त्यामुळे गाडी सुरू व्हायला अडचण नव्हती. पण असलं जुनं डिझेल इंजिन एवढ्या थंडीत आतल्या माणसांना कसलं गरम करतंय! त्यासाठी गाडीत वेगळा हीटर होता, टाकीतलंच डिझेल जाळणारा. तो यंदाच्या हिवाळ्यात एकदाही लावला नव्हता. दुकानापर्यंत जायला दोघांच्या केसाळ टोप्या पुरायच्या. तीन दिवसांच्या जिवाला टोपी कितीशी पुरणार?

"लागला का?" हिल्माने विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"ते कळलं असतं तर लागला नसता का?" तौनो गाडीत अर्धा आत, अर्धा बाहेर होता. त्याने बटण दाबलं. पंखा घुर्रर्र करून फिरला, खालून पंपाची टक टक ऐकू आली, आणि तीन मिनिटांनी उसासा टाकून सगळं गप्प.

"बॅटरी उतरली असेल."

"बघितली. चांगली आहे."

"मग डिझेल गोठलं असेल. उन्हाळ्यातलं राहिलं असेल टाकीत."

"हिवाळ्याचंच आहे. आणि पंप टकटकतोय, म्हणजे डिझेल जातंय." तौनोने फ्यूज काढला, फुंकला, परत बसवला. दोन-तीनदा पेटला नाही की हा हीटर रुसून बसायचा. फ्यूज काढून त्याची समजूत घालावी लागे. "डिझेल येतंय, पंखा फिरतोय. मग पेटत का नाही? धूरसुद्धा नाही बाहेर."

धूर नाही म्हटल्याबरोबर हिल्माने चटकन गाडीखाली बघितलं.

तिला मे महिना आठवला. आदल्या वर्षी उंदरांनी हीटरच्या नळीत घर केलं होतं, म्हणून बर्फ वितळताच तिने धुराच्या नळीत एक मोजा कोंबला होता. तौनोचा आवडता, करडा, लाल टाचेचा, तिनेच विणलेला. तौनोने विचारलं, मोजा कुठे गेला, तर ती म्हणाली कोल्ह्याने दोरीवरून पळवला. मग गोष्ट वाढत गेली. कोल्ह्याने तो पुढच्या उजव्या पायात घातला. चिखलात तीन पंजे आणि एक मोजा अशी पावलं तिने स्वतः पाहिली. चर्चच्या बायकांच्या कॉफीला तिने छातीवर हात ठेवून हे सांगितलं. आणि गंमत म्हणजे महिन्याभरात दुसरा मोजाही गेला! तौनोच सांगत आला, "कोल्हा जोडी पूर्ण करायला आला होता." तेव्हापासून हिल्माचाही त्या कोल्ह्यावर थोडा थोडा विश्वास बसला होता.

आता मोजा नळीतच होता म्हणून सांगावं, तर सगळ्या गावात तोंड कसं दाखवायचं?

"म्हाताऱ्या, जा, कॉफी पिऊन ये. नाक पांढरं पडलंय तुझं."

"आत्ता?"

"कॉफीशिवाय कधी तुझं डोकं चाललंय?"

हे मात्र खरं होतं. तौनो आत गेला. हिल्माने रेनडिअरचं कातडं बर्फावर पसरलं, हातात पक्कड घेतली आणि चाकामागे आडवी सरकली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई ती! गुडघे कुरकुरले, पाठ कडकडली. नळीच्या तोंडाशी चिखल गोठला होता. तो खरवडला, पकडीने टोक धरलं, आणि एकदा, दोनदा, तिसऱ्या हिसक्याला मोजा बाहेर आला. वाळवलेल्या माशासारखा ताठ. तिने तो कोटाच्या आत दडवला आणि तिचा श्वासच अडकला, इतका तो गार होता.

तौनो बाहेर आला, मिशीला कॉफी. "खाली काय करत होतीस?"

"सुई शोधत होते. दाब बटण."

घुर्रर्र. टक टक टक. हिल्मा मनातल्या मनात देवाला सगळं कबूल करून मोकळी झाली. तीन मिनिटं. उसासा. गप्प.

दहाला निघायला हवं होतं, आणि दहाला दहाच मिनिटं उरली होती. बर्फातून दोन तासांचा रस्ता. कोटाच्या आत मोजा वितळून पोटावरून ओघळत होता.

"आपली पोरं थंडीतच झोपायची की अंगणात," तौनो पुटपुटला. "घोंगडीत गुंडाळून."

"महिन्याची झाल्यावर! तीन दिवसांची नव्हे! आणि नर्स हात घालून बघणार आहे, तुझी घोंगडी नाही बघणार."

तौनोने कान खाजवला. हीटरकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग एकदम म्हणाला, "तू आत जाऊन बाळाचं पांघरूण घेऊन ये."

"ते केव्हाच गाडीत ठेवलंय."

"मग दुसरं आण."

हिल्मा गेली. पण खिडकीशी जाऊन पडद्याआडून बघितलं नाही तर ती हिल्मा कसली! म्हातारा पालथा पडून, बोनेटखाली डोकं आणि पाय वर, कशाशी तरी झटत होता. ती तशीच परत आली, पाऊल न वाजवता.

"काय सापडलं?"

तौनो दचकून मागे आला. त्याच्या हातात मोजा होता. करडा. लाल टाचेचा.

"हवेच्या नळीत होता," तो म्हणाला. त्याचे कान त्या टाचेपेक्षा लाल झाले होते.

"कोणी घातला?"

"...कोल्ह्याने."

"कोल्ह्याने! जोडी पूर्ण करायला?"

"जूनमध्ये नळीत उंदरांची लेंडी दिसली. एकच मोजा उरला होता, एका मोज्याचं करायचं काय? तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मी रात्र रात्र जागून विणलेला!"

हिल्माला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. सगळ्या उन्हाळ्यात तिने या माणसाच्या शब्दावर कोल्हा खरा मानला होता! "बटण दाब," ती म्हणाली. "मुकाट्याने दाब."

फ्यूज काढला, थांबले, बसवला. घुर्रर्र. टक टक टक. आधी काहीच नाही. मग खालून पांढऱ्या धुराचा असा ढग उठला की हिल्मा पुढे चर्चमध्ये सांगायची, शेजारणीने अग्निशमन दलाला फोन लावला. आणि त्यामागून तो आवाज आला, चुलीत वारा शिरल्यासारखा, भरदार, घुमणारा.

"लागला," तौनो म्हणाला. मग त्याने हवा हुंगली. "तुझ्या अंगाला डिझेलचा वास का येतोय?"

हिल्माने कोटात हात घातला आणि दुसरा मोजा काढून त्याच्या हातावर ठेवला.

तौनोने दोन्ही मोजे शेजारी शेजारी धरले. त्याच्या मिशीतली कॉफी हलली.

"पुढच्या उजव्या पायाचा," तो म्हणाला.

"चालव गाडी."

बाळाजवळ डिझेलचा वास नको म्हणून मोजे मागच्या दाराला बाहेरूनच बांधले. साडेबाराला सात मिनिटं कमी असताना गाडी दवाखान्याच्या दाराशी थांबली. नर्सने दार उघडून आत हात घातला, पाच बोटं पसरून. मग बाहीचं बटण काढून हात परत आत घातला.

"वा, इथे तर सौनातल्यासारखं उकडतंय," ती म्हणाली. मागून साइमा येत होती, छातीशी एवढंसं गाठोडं, आणि त्या गाठोड्यातून एक रागीट लाल नाक.

नर्सची नजर मागच्या दाराकडे गेली. लाकडासारखे ताठ दोन मोजे वाऱ्यावर खडखडत होते.

"हे कोणाचे?"

"कोल्ह्याचे," दोघंही एकदम म्हणाली.