पापणीवरची रेघ

शनिवारी सकाळी सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये पोहे खाऊन मायलेकी निघाल्या, त्या नोव्हेनाला, पापण्यांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे. मैत्रेयीला पुण्याहून स्थळ आलं होतं. मुलगी पसंत, पण फोटोत डोळे जरा झोपाळू दिसतात, असं मुलाकडच्यांनी कळवलं आणि आत्याबाईंनी लगेच उपाय सुचवला. मैत्रेयीच्या आईवर, स्मितावर, तो करून झाला होता ना!

स्मिता मूळची इथलीच चिनी मुलगी, मेई लिंग. प्रबोधशी लग्न ठरलं तेव्हा सून गोरीपान म्हणून सासरी कोण कौतुक, आणि डोळे बारीक म्हणून त्याच दमात नाकंही मुरडली. आपली माणसं अशीच हो! बिचारीने मुकाट्याने पापण्या कापून घेतल्या. मग प्रबोधने ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘स्मिता’ लिहिलं, आणि सगळे म्हणाले, आता कशी आपल्यातली दिसते.

तिच्या आईला मात्र शेवटच्या आजारात ते डोळे ओळखता येईनात. उशाशी बसलेल्या लेकीलाच म्हातारी विचारायची, माझी मेई लिंग कधी येणार? मैत्रेयी खोलीत आली की ‘आलीस’ म्हणून नातीचाच हात घट्ट धरायची. तो हात धरूनच ती गेली. तेव्हापासून स्मिता आरशासमोर फार वेळ थांबत नसे. आरशातून आई अजून वाट बघतेय असं तिला वाटायचं.

डॉक्टर भला माणूस होता. नुसते टाके घालून पाडलेली घडी पुढे सैल पडू शकते, कापून केलेली कायमची, असं त्याने समजावलं. मग मैत्रेयीच्या पापणीवर जांभळ्या पेनाने रेघ काढली आणि बारीक तारेने कातडी आत दाबून दाखवली. डोळा मोठा झाला, सुरेख झाला, आणि त्यातली आजी निघून गेली.

“पुसा ती रेघ,” स्मिता म्हणाली.

थोडी खाली हवी का, असं डॉक्टरने विचारलं.

“कुठेच नको.”

परतताना त्या एमआरटीच्या मेट्रोत बसल्या. आत्या चिडेल, एवढंच मैत्रेयी एकदा पुटपुटली. मग म्हणाली, “मम्मा, तुझे टाके काढता येतील का?”

“माझे टाक्यांचे नाहीत गं. कापलेले आहेत.”

मैत्रेयीने तिचा हात धरला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे थेट म्हातारीचे होते. या वेळी त्यांनी लेकीला ओळखलं. स्मिताला रडू आवरेना.

तेवढ्यात पुण्याहून आत्याबाईंचा फोन वाजला. तिने डोळे पुसले आणि फोन घेतला.

“वन्सं, मेई लिंग बोलतेय.”