रडूबाईचं एकच वाक्य

"पळा, रडूबाई, पळा! लेक सुटलाय तुमचा, भाजी आणायला नाही निघालात!"

दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला आणि रडूबाई पळाली. गुडघा कुरकुरत होता, डोक्यावरचा पांढऱ्या केसांचा टोप डाव्या कानावर उतरत होता, तरी पळाली. समोर तुरुंगाचं प्लायवूडचं फाटक होतं, त्याचा काळा रंग अजून हाताला लागत होता. फाटकातून एक उंचापुरा मुलगा बाहेर आला. तिने त्याला मिठी मारली, त्याच्या शर्टाला डोळे पुसले आणि आपलं वाक्य म्हटलं.

"मला माहीत होतं रे बाळा! तू असं काही करणार नाहीस, मला पहिल्यापासून माहीत होतं!"

"झकास! पुढचा सीन लावा!"

मुलाने तिचा टोप सरळ करून दिला. "आई, लागलं का कुठे?"

"नाही रे. पण तू जरा वाकत जा. मागचा मुलगा बुटका होता, बरं पडायचं."

मागचा मुलगा म्हणजे मालिकेच्या मागच्या भागातला. त्या मालिकेत एक वकीलबाई होती, आणि ती दर भागात एका निरपराध माणसाला तुरुंगातून सोडवायची. दर भागाला आरोपी नवा, साक्षीदार नवे, पण शेवटी फाटकापाशी धावत येणारी आई मात्र एकच. चष्मा बदलला, टोप बदलला की झाली दुसरी आई. त्या वेळेपर्यंत बघणाऱ्यांचेच डोळे भरलेले असतात, कोण कशाला आईचं तोंड निरखून बघतंय! पहिल्या भागात तिला खरं तर गर्दीत उभं राहायला बोलावलं होतं. पण ती डोळ्यांत ग्लिसरीन न घालताच ढसाढसा रडायला लागली, आणि दिग्दर्शकाने तिला तिथल्या तिथे आई करून टाकलं. तेव्हापासून सगळे तिला रडूबाई म्हणत. तिलाही ते नाव आवडायचं.

घरी नवरा दारातच विचारायचा, "काय, आज कोणाला सोडवून आलात?" त्याची थट्टा ती मनावर घेत नसे. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्याचं वाईट वाटायचं, या वयातही वाटायचं. त्यामुळे त्या एका वाक्यावर तिचा भारी जीव होता. भाग लागला की ती टीव्हीला नाक लावून बसायची आणि आपला चेहरा आला की नवऱ्याला ढोसायची.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा दारात नवरा नव्हता, शेजारीण होती. तिचं खाली जिन्याजवळ इस्त्रीचं दुकान, म्हणून सगळ्या इमारतीत ती इस्त्रीवाली. दुकान कसलं, एक टेबल आणि एक इस्त्री. मोठ्या चादरींची घडी घालायला दुसरं माणूस लागतं, ते तिच्याकडे नव्हतं. ती एक कड हनुवटीखाली दाबून धरायची आणि हात पसरून घडी घालायची. त्यामुळे तिची मान कायम खाली गेलेली दिसे.

"सोमवारी सुटतोय," ती म्हणाली.

कोण, ते विचारायची गरज नव्हती. तिचा मुलगा मिसरूड फुटायच्या वयात एका गोदामात कामाला होता. तिथला पहारेकरी मारला गेला आणि नाव याच्यावर आलं. आता इतक्या वर्षांनी खटला पुन्हा उभा राहिला, आणि हा त्यात नव्हताच, असं कोर्टाने सांगितलं.

"अगं बाई! मग रडवेली काय झालीस? आत ये आधी."

इस्त्रीवाली आत आली, पण टेकली नाही. "ताई, तुम्ही हसाल. पण मला जरा शिकवा ना."

"काय शिकवू?"

"तेच. फाटकापाशी काय करायचं असतं ते. तुम्हाला सवय आहे. मी नुसती खांबासारखी उभी राहीन, आणि त्याला वाटेल, हिला आनंदच नाही झाला."

नवरा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. तो उठलाच. "मी होतो मुलगा," म्हणाला, आणि बाजाराची पिशवी खांद्याला अडकवून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. पोट आत ओढलं, चेहरा दुःखी केला. "चला, मी सुटलो! या!"

दोघी खळखळून हसल्या. मग रडूबाईने मोठ्या उत्साहाने दाखवायला घेतलं. "हे बघ, आधी लांबून बघायचं. ओळख पटली नाही असं करायचं. मग पळायचं, मिठी मारायची आणि म्हणायचं, मला माहीत होतं रे बाळा! म्हण बघू."

इस्त्रीवाली पळाली. नवऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"मला माहीत..." ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "नाही हो ताई. मला नव्हतं माहीत."

नवऱ्याने पिशवी हळूच खांद्यावरून काढली.

"आधी मी भांडले सगळ्यांशी. पण मग कोर्ट म्हणालं, पोलीस म्हणाले, पेपरात आलं. एवढी शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील? मला वाटलं, पोराचा तोल गेला असेल, केलं असेल. मग मी भेटीला जायचंच बंद केलं. पोटचा पोर तो, आणि मी खाली बसून लोकांचे शर्ट कडक करत राहिले. आता कुठल्या तोंडाने म्हणू, मला माहीत होतं?"

रडूबाईला एरवी कशावरूनही रडू यायचं. त्या वेळी आलं नाही. ती नुसती तिच्या शेजारी फरशीवर बसली.

"मग नको म्हणूस ते वाक्य."

"मग काय म्हणू?"

"मला तरी कुठे ठाऊक? मला एवढं एकच लिहून दिलंय," रडूबाई म्हणाली. "पण मी येते तुझ्याबरोबर."

सोमवारी दोघी फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. खरं फाटक भलंमोठं होतं, पण ते उघडलंच नाही. त्यातलं एक छोटं दार उघडलं आणि माणसं वाकून एकेक करून बाहेर येऊ लागली. कोणी धावलं नाही. पहारेकरी जांभया देत होता. एकाला न्यायला कोणीच आलं नव्हतं, तो इकडेतिकडे बघून चालू लागला.

मग इस्त्रीवालीचा मुलगा बाहेर आला. केस विरळ झालेले, खांदे रुंद झालेले, हातात दोन बंदांची एक जाडजूड पिशवी. रडूबाईचे पाय सवयीने पळायलाच निघाले होते. तिने स्वतःला आवरलं आणि चार पावलं मागे सरली. इस्त्रीवाली जागची हलली नाही. मुलगाच चालत तिच्यापर्यंत आला.

कसा आहेस नाही, बाळा नाही, ती एका दमात म्हणाली, "मला वाटलं होतं, तूच केलंस."

मुलगा तिच्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "तू यायची बंद झालीस ना, तेव्हाच कळलं मला."

"मग?"

"मग काय. खूप रागावलो. अजून आहे राग थोडा." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग तिचा एक बंद आईपुढे केला. "जड आहे. धर."

तिने तो बंद धरला. दोघं मधे पिशवी घेऊन बसथांब्याकडे चालू लागली. दोघांची पावलं काही जुळेनात, पिशवी कधी त्याच्या गुडघ्यावर आपटे, कधी तिच्या. रडूबाई मागून चालत होती आणि आता मात्र तिचे डोळे घळघळा वाहत होते.

पुढच्या भागाच्या चित्रीकरणाला ती गेली. तेच प्लायवूडचं फाटक, नवा चष्मा, करडा टोप. "पळा, रडूबाई!" ती पळाली नाही. चालत मुलापर्यंत गेली आणि तिने त्याच्या पिशवीचा एक बंद धरला.

"कट! रडूबाई, वाक्य?"

"साहेब, या वेळी वाक्य नको."

सगळं युनिट तिच्याकडे बघायला लागलं. ती कधी पाणीसुद्धा मागून प्यायली नव्हती.

"नको म्हणजे? अहो, वाक्याशिवाय आई कुठली? नुसती एक बाई!"

"असू दे नुसती बाई. आमच्या शेजारी एकजण हा भाग बघणार आहे. तिच्या तोंडावर मला ते म्हणवणार नाही."

"बरं, निदान रडा तरी!"

"आज रडू येत नाहीये हो."

यावर मात्र सगळे खो खो हसले, रडूबाईला रडू येत नाही म्हणून. ती लाजली, पण बंद तिने सोडला नाही. ऊन उतरत चाललं होतं. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला, घड्याळ बघितलं आणि कॅमेरावाल्याला म्हणाला, "खाली घे. नुसती पिशवी घे. न रडणाऱ्या आईचं तोंड घेऊन करू काय?"

भाग लागला त्या संध्याकाळी इस्त्रीवालीने नवरा-बायको दोघांना आपल्याकडेच बोलावलं. रडूबाई जीव मुठीत धरून गेली. इस्त्रीवाली गिऱ्हाइकांच्या चादरींचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती. मुलगा दाराजवळ, जरा लांब बसला होता. घरी येऊन इतके दिवस झाले तरी तो तिथेच बसायचा, विचारलं तेवढंच बोलायचा.

टीव्हीवर वकीलबाईने भाषण ठोकलं, न्यायाधीशांनी चष्मा काढला, फाटक उघडलं. मुलगा बाहेर आला. पडद्यावर एक पिशवी दिसली, तिचा बंद पकडलेला एक सुरकुतलेला हात दिसला, संगीत वाजलं आणि साबणाची जाहिरात सुरू झाली.

"संपलं?" नवरा म्हणाला. "आणि तू?"

"कापलं या वेळी," रडूबाई म्हणाली. तिला वाईट वाटलंच. एवढी वर्षं दर भागाला आपला चेहरा बघायची सवय होती.

"काकू, तुम्ही दिसलाच नाहीत," दाराजवळून मुलगा म्हणाला.

"दिसल्या की," इस्त्रीवाली म्हणाली. तिच्या हातात मोठी दुहेरी चादर होती, आणि एक कड हनुवटीखाली दाबल्यामुळे तिचा आवाज अडखळत येत होता. "तो हात नाही का बघितलास? पिशवी धरलेला?"

मुलगा जाहिरातच बघत बसला. मग उठला, आईसमोर येऊन उभा राहिला आणि तिच्या हनुवटीखालची कड त्याने ओढून आपल्या हातात घेतली. दोन टोकं त्याने धरली, दोन तिने. चादर मधोमध ताणली गेली, आणि इस्त्रीवालीने मान वर केली.