डाव्या वळणावरची थरथर

सरळ रस्त्याला गाडी गुमान चालायची आन् डावीकडं वळवली की थरथरायची. आमच्या पलूसचे रिटायर सुभेदार भाऊसो ती घेऊन माझ्या गॅरेजात आले, तवा मी आधीच तापल्यालो. म्हणले, "नानासो, सांगलीत एक्सल बदलून घेतला, भंगारातला. तवापास्नं थरथरतीया."

"आवं सुभेदार, भंगारातलं घालायचं आन् मग माझं डोस्कं खायचं, व्हय?"

चालवून बघितली. डावीकडं वळताना स्टेअरिंग असं हाललं, जणू माझ्याबरूबर आणिक कुणीतरी ते धरलं हुतं. टायर धड, बेरिंग ठीक. राहिला एक्सल. सुभेदारांना घरी धाडलं, एक्सल खोलला. जॉइंटच्या रबराला पट्टीऐवजी तांब्याची तार हुती, तीन वेढे आन् उलटा पीळ. असला पीळ माझाच. मी डावरा हाय.

ही तार मी अर्जुनाच्या गाडीला बांधलीवती. अर्जुना माझा दोस्त. वळणावर गाडी थरथरतीया म्हणून आलावता, ऐन दिवाळीच्या गर्दीत. जॉइंट झिजलाय हे मला दिसत हुतं. तरी ग्रीस भरलं, तार बांधली आन् म्हणलं, "जा गड्या, काय हुत न्हाई." चौथ्या दिवशी रहिमतपूरजवळच्या वळणावर गाडी वळलीच न्हाई, सरळ विहिरीत गेली. अर्जुना गेला, गाडी भंगारात गेली. गाव म्हणलं, पिऊन चालवत असणार. मी गप बसलो. वरीस झालं, त्याची बायको सुलाबाई मान खाली घालून गावात फिरतीया. पाप माझं, सोसतीया ती.

एक्सल टेबलावर ठेवला. रस्त्याला एक ट्रक न्हाई, तरी तो थरथरत हुता. शेजारचे पाने खुळखुळत हुते. हात ठेवला की थांबायचा, काढला की पुन्ना सुरू. लय भ्यालो, खोटं कशाला सांगू?

तसाच मळक्या हातानं सुलाबाईकडं गेलो. दार उघडंच हुतं.

"वैनी, अर्जुना प्यालेला नव्हता. चूक माझी हुती."

"ठावं हाय," ती म्हणली. "तुमी आज येणार, दार लावू नगंस, म्हणून सकाळीच सांगितलं त्यांनी."

तिनं भिंतीकडच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

"मला कशाला सांगताय? आधी त्यांस्नी सांगा. मग गावाला."

मी दोघांच्या म्होरं उभा ऱ्हायलो आन् पयल्यापास्नं सगळं सांगितलं.