तिसऱ्या बाकावरचे ओठ

माझ्या नवऱ्याचे, फिर्मिनचे, कान कापडगिरणीने नेले. एकतीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर रोन्स गावातल्या आमच्या गल्लीतल्या बहुतेक पुरुषांसारखा तोही समोरच्याचे ओठ वाचून ऐकू लागला, आणि आमची वीर्ले तर लहानपणीच जेवणाच्या टेबलावर आवाज न काढता बापाशी भांडायला शिकली. पुढे सुताची धूळ त्याच्या छातीतही बसली. तो पलंगावरून उठेनासा झाला, तेव्हापासून रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, मी देवळात ऐकायची आणि त्याने घरी टीव्हीवर पाहायची, असं ठरून गेलं.

देवळातला कॅमेरा कडेच्या खांबावर, फादर आणि बाक दोन्ही दिसतील असा; पण जुना, त्याचं चित्र इवलंसं. टीव्हीभर ताणलं की फादरांचं तोंड म्हणजे नुसता पुसट डाग. मिस्सा टीव्हीवर दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर वीर्लेने महिनाभर खपून सुधारणा केली. लहान चित्र मोठं करताना मधले ठिपके अंदाजाने भरावे लागतात, मी तो अंदाजच धारदार केलाय, असं तिने मी वॅफलचं पीठ फेटत असताना मला समजावलं. आता परक्या देशांतले लोकसुद्धा तिची सुधारणा वापरतात. हे मी बेकरीत दोनदा सांगितलं. अभिमान हे पाप असेल, तर एवढं एक पाप मी अजून कबुलीजबाबात सांगितलेलं नाही.

सुधारणेनंतरच्या पहिल्या रविवारी घरी आले तर फिर्मिन उशीला टेकून ताठ बसलेला.

"अल्मा, फादर अर्धं 'आमेन' गिळतात! आणि पहिल्या बाकावरची ती जर्मेन, स्तोत्र म्हणते कुठली, नुसती तोंड हलवते!"

"पप्पा, चुगल्या करायला नाही केलं मी हे," वीर्ले म्हणाली.

"मग काय, फादरांचं नाक बघायला?"

किती दिवसांनी हसलो आम्ही तिघं.

त्याच्या छातीचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांना आशा होती, फक्त त्याची सही हवी होती. तो वाचावा म्हणून मी मरियामातेला नऊ रविवारांचा नवस बोलले होते: उपाशीपोटी मिस्सा, तिसरा बाक, हातात जपमाळ. नवसाच्या चौथ्या रविवारी परतले तेव्हा ऑपरेशनच्या संमतीचा कागद त्याच्या मांडीवर होता.

"सही नाही करणार मी. तुलाच नकोय ना."

"मला?"

"तू म्हणालीस, 'आई, आता ने त्याला.' तीनदा म्हणालीस." त्याच्या आवाजात राग नव्हता.

"मी 'ठेव' म्हटलं, फिर्मिन!"

"मी ओठ वाचूनच जगलोय, अल्मा."

वीर्लेने ती मिस्सा पुन्हा लावली, माझ्या चेहऱ्याशी थांबली, पुढे गेली, मागे आली. ओठ तिलाही वाचता येतात; तिने माझ्याकडे बघणं टाळलं. मग आपली सुधारणा काढून तिने मूळ चित्र दाखवलं, तर तिथे माझ्या तोंडाच्या जागी चार करडे ठिपके होते.

"हा यंत्राचा अंदाज आहे, पप्पा."

"मग बाकी सगळ्यांचं कसं बरोबर निघतं?"

"ही सुधारणा काढूनच टाकते मी," ती माझ्याकडे वळून म्हणाली. मी नको म्हटलं. पोरीने एवढ्या मेहनतीने बापाला मिस्सा ऐकवली होती. ती पुन्हा त्याच्यापासून हिरावायची? आणि मरियामाता मनातलं ऐकतेच की.

पाचव्या रविवारी मी ओठ घट्ट मिटून बसले. प्रार्थनेलाही उघडले नाहीत, दातांवर दात रोवून फक्त मनात म्हणत राहिले, ठेव, ठेव, ठेव. घरी येताना पावलं हलकी झाली होती. आज तो सही करेल अशी खात्रीच वाटत होती.

फिर्मिनने दाढी करून घेतली होती. वीर्ले भिंतीकडे तोंड करून उभी होती. टीव्हीवर थांबवलेल्या चित्रात तिसऱ्या बाकावर मी, पापणीचा केस न् केस स्पष्ट, ओठ उघडे, आणि कित्येक वर्षांत आरशात दिसले नसेन इतकी सुखी. कागद पलंगाशेजारी कोराच पडला होता.

"आज काय म्हटलं मी?" मी विचारलं.

त्याने माझा हात हातात घेतला.

"आज काही मागितलं नाहीस," तो म्हणाला. "आज आभार मानलेस."