वरची चिमूट

आमचे हे जन्मभर समुद्रकाठच्या बेकरीत भट्टीपुढे उभे राहिले. तिथली हवा इतकी दमट, की डबा उघडला की बेकिंग पावडरचा जोर निम्म्यावर यायचा. म्हणून मोजून घातल्यावरही हे वरून एक चिमूट टाकायचे. आता लेकीकडे, डोंगरावरच्या या उंच गावात राहायला आलो, तर हवा विरळ आणि कोरडी. केक ओव्हनमध्ये टम्म फुगायचा आणि बाहेर काढेपर्यंत मधोमध खड्डा.

लेकीने समजावलं, इथे पावडर आणि साखर कमी, पाणी जास्त, आच चढी. यांनी मान डोलावली. चौकातल्या बेकरीवालीने यांना कामावर घ्यायचं कबूल केलं होतं, पण आधी तिच्यासमोर केक करून दाखवायचा होता. रिकामे बसून हे पार वाळून गेले होते. हे काम यांना मिळायलाच हवं होतं.

घरी सराव सुरू झाला. मोजमाप बिनचूक, तरी केक बसायचा. हे ओव्हनला शिव्या द्यायचे, मग अंड्यांना, मग जावयाला. शेवटी मी शेजारी उभी राहिले. सगळं घालून झालं आणि यांचा हात आपसूक डब्यात गेला.

"अहो, चिमूट टाकलीत."

"मी? काहीतरीच तुझं. कमी टाकायची ते ठाऊक आहे मला."

खोटं बोलत नव्हते. हाताने काय केलं, ते यांना खरंच कळलं नव्हतं. मला फार भीती वाटली.

पुढच्या खेपेला मी मनगटच धरून ठेवलं. केक झकास झाला. "बघ, जमलं की नाही?" हे म्हणाले. जित्याची खोड! डबा दूर ठेवायला बेकरीवालीला सांगते म्हटलं, तर म्हणाले, "माझी अब्रू घालवू नकोस."

केक करून दाखवायच्या दिवशी मी बेकरीच्या काचेबाहेर थंडीत उभी होते. यांनी चष्मा पुसला, मैदा चाळला, पावडर मोजून घातली, चमचा खाली ठेवला. आता थांबा, मी मनात म्हणत होते. उजवा हात डब्याकडे वळला. मी काचेवर थाप मारली. यांनी वर पाहिलं, मला बघून हसले आणि डावा हात हलवला. चिमूट तोवर पिठात पडली होती.